तारांचा डोल

६ जानेवारी, सोमवार

आज दुपारी, जेवायच्या जरा आधी, मला डोल ऐकू आला. माझं आयुष्य इथून बदललं. आधी एवढं लिहून ठेवतो.

तसा मी बहिरा नव्हतोच. पण बाबा पियानो सुरात लावतात, आणि त्या धंद्यात मी ठार बहिरा. एका पट्टीमागे तीन तारा असतात. दोन तारा जवळजवळ जुळल्या – पुरत्या नाही – की आवाज सरळ न जाता डुलायला लागतो. वाँव – वाँव – वाँव. किल्लीनं खुंटी पिळत जायची, डोल मंदावत जातो, थांबला की सूर जुळला. आमच्या घराचं सगळं पोट त्या डोलावर. कॉलेज सोडून दुकानात बसलो तेव्हापासून बाबा पट्टी दाबतायत, विचारतायत, आणि मी आपला खोटी मान हलवतोय. भिंतीलाही कान असतात रे, असं म्हणून ते किल्ली माझ्या हातातून काढून घ्यायचे.

आज नाही घेतली!

आणि हे झालं कशानं, तर डोक्याला करंट दिल्यानं. वहीला हसायचं तर हसू दे.

७ जानेवारी

करंटचं नीट लिहायला हवं. कॉलेजात सरांशी माझी जुंपली. माफी माग म्हणाले. मी म्हटलं, राजीनामा देतो. विद्यार्थ्याला राजीनामा देता येत नाही म्हणे. तरी दिला. दाखला आणायला गेलो त्या दिवशी सूचनाफलकापाशी एक मुलगी चिकटपट्टी दातांनी तोडून कागद लावत होती – कानांच्या प्रयोगासाठी माणसं हवीत. नाव आधी दिलं. कागद नंतर वाचला.

ती तिथे संशोधन करते. मनातल्या मनात मी तिला स्पंजवाली म्हणतो. दोन स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवून पिळते, एक कानाच्या वर लावते, दुसरा पलीकडे कपाळावर, वरून रबरी पट्टा. पाणी मानेवरून सदऱ्यात उतरतं. ते टिपून घेते. मग यंत्र सुरू. आधी मुंग्या चावल्यासारखं होतं, थोड्या वेळानं काहीच नाही. सवय होते, म्हणाली. खोलीचं दार हातभर जाड – लावलं की बाहेरचं जग बंद. हेडफोनमधून दोन आवाज येतात. उंच कुठला, ते बटण दाबून सांगायचं. बरोबर आलं की पुढची जोडी आणखी जवळची, चुकलं की पुन्हा सोपी. जिन्यासारखं आहे, म्हणाली, एकेक पायरी. मेंदूतल्या ऐकण्याच्या जागेला वरून थोडी वीज दिली तर बारीक फरक जास्त कळतो का, एवढंच त्यांना बघायचंय.

कळतो की! मी चालताबोलता पुरावा.

बाबांना सांगितलं. म्हणाले, तुझं डोकं आधीच तापलेलं, त्यात वीज कशाला?

१० जानेवारी

तिला डोलाचं सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि हसली. कागदाकडे बघून हसली, पण हसली.

मला ‘तुम्ही’ म्हणते. वयानं असेल एखाद-दोन वर्षं पुढे. तुम्हाला गार लागत नाही ना, म्हणाली. गार!

१५ जानेवारी

सकाळी तिच्याकडे, तिथून दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथला जुना उभा पियानो हल्ली रोज बेसूर सापडतो. हवा बदलतेय, म्हणतात बाबा. मी लावतो. पहिल्या दिवशी डोल कसा ढळढळीत होता, आता पाण्यावरच्या तरंगाएवढा असतो. तरी ऐकू येतो मला. बाबा स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत असतात. शेवटी ‘हं’. बाबांचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्या कुणाची मिठी.

जेवताना विचारलं, संगीत शाळेच्या कामाला मला नेणार का. तिथे बरेच पियानो आहेत, वर्षातलं मोठं काम. त्यांनी माझ्याकडे पाण्याचा पेला सरकवला. बस. पुन्हा विचारणार नाही. मला टाळतात ते.

१७ जानेवारी

कॉलेजच्या फाटकाशी मोटरसायकल. एक माणूस. आरशाला आणखी एक हेल्मेट अडकवलेलं, लहान मापाचं. ते घालून ती मागे बसली. म्हणजे रोजचंच.

वळणापर्यंत मागे धावलो. कशाला? मलाच माहीत नाही. घरी येऊन किल्ली अशी पिळली की तार तुटून गालावर बसली. बाबांनी रक्त पुसलं, नवी तार चढवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

आज शेवटची बैठक. संपलं.

आणखी थोडे दिवस द्या म्हटलं. नियमात बसत नाही. कान जातील का माझे? तसं काही नसतं, तुम्ही काळजी करू नका. एक वाक्य पाठ करून गेलो होतो. दाराच्या मुठीला हात लावून उभा राहिलो. तिला वाटलं दार उघडत नाहीये. येऊन उघडून दिलं.

२७ जानेवारी, सोमवार

कान गेले.

बाबा आणि आई सकाळीच कुठेतरी बाहेर पडले. दुकान मी उघडलं. पियानोपाशी बसून एकेक पट्टी दाबली, तीन तारांतली एक दाबून ठेवून दोन, मग दुसऱ्या दोन. डोल नाही. कुठेच नाही. सगळे आवाज काठीसारखे सरळ. करंट बंद, कान बंद.

पुन्हा भिंत.

२८ जानेवारी

बाबांनी खालून हाक मारली. गेलो नाही. तिचाही फोन नाही. तिनं करावा तरी कशाला?

२९ जानेवारी

नऊ व्होल्टची बॅटरी. भांड्यांचा स्पंज. मीठ. आईचा केसांचा पट्टा. तिच्याकडे मुंग्या होत्या, इथे गांधीलमाशी निघाली. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि कानावरची कातडी भाजली. तेवढ्यात बाबा वर आले. पट्टा ओढून काढला, बॅटरी खिडकीबाहेर.

मी ओरडलो. म्हटलं, मला कान तिनं दिले. तुम्ही काय दिलंत? नुसतं भिंत म्हणालात!

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. रागानं नाही. बारीक अक्षर लावून वाचावं तसे. मग हळूच म्हणाले,

“पुन्हा बोल. या बाजूनं.”

आणि डावा कान पुढे केला.

मी जिन्यानं खाली पळालो.

३० जानेवारी

आईनं सांगितलं. भाजलेल्या जागेला मलम लावता लावता, माझ्याकडे न बघता. उजवा कान उन्हाळ्यातच गेला. डावा चाललाय. सोमवारी दोघं दवाखान्यात गेली होती. यंत्र लावून माणसाचं बोलणं कळेल, सूर कळणार नाही, म्हणाले डॉक्टर.

मला का नाही सांगितलं?

“नको म्हणाले. पोराला आधी येऊ दे म्हणाले.”

तो पाण्याचा पेला. मी काय विचारलं ते त्यांना पोचलंच नव्हतं. त्यांनी आपला अंदाज केला – पोरगं पाणी मागत असेल. आणि मी त्या दिवसापासून तोंड फुगवून बसलो.

त्यांच्या कानांत शेवटी शेवटी जे थोडं शिरणार होतं, त्यात मी हे भरलं. तुम्ही काय दिलंत.

३ फेब्रुवारी

संगीत शाळेचं काम शनिवारी दुपारी. बाबांनी होकार कळवूनही टाकलाय. माझा हात धरून सांगितलं: तू लावायचं, मी नुसता बसेन.

त्या सोमवारपासून मी पियानोला हात लावलेला नाही. मला आता ऐकू येत नाही हे त्यांना कसं सांगू? ओरडून?

५ फेब्रुवारी

तिनं बोलावलं होतं. निकाल लागला.

अर्ध्या लोकांना खरा करंट होता. अर्ध्यांना फक्त सुरुवातीचा – मुंग्या येण्यापुरता. मग यंत्र आपलं आपण बंद व्हायचं, पट्टा तसाच डोक्यावर. कोण कुठल्या गटात, हे तिलाही माहीत नसायचं, नाहीतर तिच्या वागण्यावरून कळलं असतं. मी दुसऱ्या गटातला. मला करंट मिळालाच नाही.

“तुम्ही डोलाचं इतकं छान सांगितलं होतं,” ती म्हणाली, “मला खात्री होती तुम्ही खऱ्या गटातले.” तिला खरंच वाईट वाटत होतं. हातातला रुमाल उगाच घडी करत होती. बोटात नवी अंगठी. तीही पाहिली.

म्हणजे डोल कुठून आला होता? आणि गेला कुठे? विचारलं. मनाचा खेळ असू शकतो, म्हणाली. खोट्या गटातल्यांना आता हवं तर खरा करंट देणार आहेत. मी लगेच हो म्हटलं. शनिवारी सकाळी दहा. दुपारच्या कामाआधी, काही झालं तर तेवढंच. आणि पुन्हा ती, पुन्हा ते मानेवरचं पाणी – हेही खरं. अंगठी पाहूनसुद्धा.

७ फेब्रुवारी

झोप नाही. उद्या करंट लागू पडला नाही, तर त्या सगळ्या शाळेसमोर बाबांची मान खाली जाणार. माझ्यामुळे.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिच्याकडे निघालो होतो. रुमाल विसरला म्हणून कोपऱ्यावरून परत फिरलो. दुकानाचं दार अर्धवट उघडं. आत बाबा, पाठमोरे, पियानोवर वाकलेले, डावा कान लाकडाला टेकवलेला. किल्लीनं तार सैल करत होते. पट्टी दाबायचे, ऐकायचे, आणखी सैल करायचे. डोल रस्त्यावर ऐकू येत होता. त्यांना येत नव्हता. म्हणून आणखी सैल, आणखी सैल. तार रडायला लागली तरी थांबेनात.

मी तिच्या मुंग्या मोजत बसायचो, तेव्हा रोज सकाळी ते हे करत होते. पहिल्या दिवशी भिंतीलाही कळेल एवढं, मग रोज थोडं कमी. आणि त्या सोमवारी ते दवाखान्यात होते. पियानो कुणी बिघडवलाच नव्हता. डोल ऐकू आला नाही, कारण तो तिथे नव्हताच.

खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. म्हणाले, “हवा फार बदलतेय हल्ली.”

मी हो म्हटलं. डाव्या बाजूनं.

बसलो आणि तार जुळवली. डोल मंदावला, मंदावला, थांबला. बाबांना तो थांबलेला ऐकू आला नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते. हात थांबला तेव्हा म्हणाले, हं.

दहा वाजून गेले. तिकडे ती स्पंज भिजवून बसली असेल. वाळतील.

बाबा सदरा चढवतायत. ते बाहेर आले की हत्यारांची पिशवी मी घेणार, आणि दुकानाचं दार ओढून घेणार. ते दार बंद होताना करकरतं. आजवर कधी लक्ष गेलं नव्हतं.