घोगऱ्या आवाजाची खुशाली

प्रिय अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, काळजी नसावी). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची कुरकुर बरी आहे ना? इकडे सगळे ठीक. फक्त घरात एक पुरुष वाढला आहे, आणि तो मीच आहे.

माझ्या छातीतल्या गाठीचं कळल्यापासून तू फोनवर नुसती रडतेस, ऐकून काही घेत नाहीस, म्हणून लिहिते. सुई घालून तपासली, कॅन्सर नाही. साधी गाठ, पण दुखायची अशी की जिन्यात कुणाचा धक्का लागला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, ते जाताना माझा आवाज घेऊन गेलं. (हनुवटीवर केसही आले. ह्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग आणून निरखले आणि शहाण्यासारखं भिंग परत खिशात टाकलं.)

बसस्थानकावर गाड्या पुकारणं हे माझं पोटापाण्याचं काम. इतकी वर्षं गोड गळ्याने 'मागे सरा' म्हणायचे, कुणी ढिम्म हलायचं नाही. आता नुसती खाकरले तरी गर्दी भिंतीला चिकटते. साहेब खूश! पंचाईत घरी झाली. ह्यांनी दुकानातून फोन केला (फोनवर माझा आवाज आणखीच जाड येतो), मी 'हॅलो' म्हटलं, तिकडून फोन बंद. थोड्या वेळाने स्वारी दारात, सोबत शेजारचा न्हावी, कात्रीसकट. (गिऱ्हाईक तिकडे एकाच काचेचा चष्मा लावून बसलेलं.) "कोण आहे आत?" मी म्हटलं, "मीच!" तशी न्हाव्याने ह्यांनाच पुढे ढकललं.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. आवाज बदलताच का आला नाहीत म्हणून रागावल्या, गोळी बंद केली. आवाज कदाचित असाच राहील म्हणाल्या. वाईट वाटलं गं. ह्यांना म्हणे हाच बरा वाटतो, स्वयंपाकघरातून हाक मारली की नीट ऐकू येते.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तपासणीला हसत गेले असं तुला सांगितलं होतं, ते खोटं. बाहेरच्या बाकावर ह्यांच्या शर्टाची बाही भिजवली.

आणखी ता. क. मागच्या खेपेला इथे कपडे बदलताना तू भिंतीकडे तोंड करून छातीवरची एकच जागा पुन्हा पुन्हा चाचपत होतीस. मी आरशातून पाहिलं. फोनवर तू माझ्या एकटीसाठी रडत नव्हतीस, अक्का. डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारचा नंबर तुझ्या नावाने लावला आहे. बुधवारी ये. नाही आलीस तर मीच तिकडे येईन आणि भावोजींसमोर विचारेन.