इम्प. म्हातारा

३ नोव्हें.
इथल्या मलाझ मोहल्ल्यात जुन्या व्हिलाचं रंगकाम. मालक सामान टाकून देत होता, त्यात एक छापील चित्र. काळं-पांढरं. म्हातारा, गळ्याला फडकं गुंडाळलेलं, गाल बसलेले. नजर थेट आमच्या बाबांची. मालक म्हणाला फ्रान्सचं आहे, आजोबांच्याही आधीचं, ने. आणलं. पुट्टीचा डबा तिथेच विसरलो. फोरमनच्या शिव्या.

५ नोव्हें.
खोलीत कासमचाचा, दाभोळचा. नमाजाला उभा राहताना म्हणतो, "तुझ्या म्हाताऱ्याचं तोंड भिंतीकडे कर रे, माझ्याकडे बघत बसतो." केलं.
ताईचा फोन. बाबांचं जेवण तुटलंय. "येतोस की नाही तेवढं सांग." काय सांगू? इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपलाय. ज्याच्या नावावर माझा व्हिसा त्या कफीलने नवा केल्याशिवाय घरी जायची परवानगी नाही. तो म्हणतो, बुकरा. त्याचं उद्या काही उजाडत नाही.

७ नोव्हें.
चित्राखाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं. एकच शब्द लागला. इम्प.! गाइडमध्ये सर प्रश्नाशेजारी लिहायचे तोच. म्हणजे म्हातारा महत्त्वाचा. (दहावीला इम्प. तेवढंच केलं, एक आलं नाही. मरू दे.) चाचा म्हणाला, कफीलला जुन्या वस्तूंचं वेड, देऊन बघ, विरघळेल.

८ नोव्हें.
फ्रेम मिळाली पण लहान. इम्प.च्या खालची पट्टी ब्लेडने उडवली. तिथे नुसतं गिचमिड, पेन चालतंय का बघितल्यासारखं. आता फिट्ट.
मग शर्टाला इस्त्री. बाही जाळली.

१० नोव्हें.
कफील चित्र बघून खूश. मी म्हटलं, "बडा आदमी. इम्प. लिखा है." त्याने मोरोक्कोच्या ड्रायव्हरला हाक मारली, त्याला फ्रेंच येतं. तो हसत सुटला. इम्प. म्हणजे छापखाना.
"नाम इसके नीचे होता है, साइन के साथ. नीचे का किधर?"
"काटा."
"खलास," कफील म्हणाला.
चित्र परत माझ्या हातात. इकाम्याचं विचारलं. बुकरा.

११ नोव्हें.
पट्टी शोधायला कचरापेटीत हात घातला. गाडी येऊन गेलेली. चाचा म्हणाला, "नाव कापून माणूस भेट देतोस, शाबास." नंतर स्वतःच चहा आणून दिला.

१४ नोव्हें.
कफील जेद्दाला गेलाय. कधी येणार कुणाला ठाऊक नाही. फोन उचलत नाही.
ताईने व्हिडिओ लावला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "कोण हो तुम्ही?"
मला. अहो-जाहो.
मागे भिंतीवर म्हातारा होता, त्याच्याकडे बोट. "ते कोण?" नाव असतं तर सांगितलं असतं. चित्र काढून फोनपुढे धरलं. बाबांनी हात जोडले. "या, बसा. बऱ्याच दिवसांनी." कितीतरी बोलले मग, विहिरीचं, आंब्याचं. ताई म्हणते इतकं महिन्यात बोलले नव्हते.
मी चित्राच्या मागे. ताई ओरडतेय, "तू कुठे गेलास? तोंड दाखव रे."
धरूनच राहिलो. हात भरून आले.