क्रशच्या पुढे ऑन

अण्णा, मागच्या मंगळवारी माझ्या शिकवणीत एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, क्रशच्या पुढे ऑन लावायचं का विथ?" सगळा वर्ग हसला, ती मात्र हसली नाही. मोबाइलवर कुणाला तरी काहीतरी पाठवायचं असणार आणि चुकीचं इंग्रजी पाठवून हसं करून घ्यायचं नसणार. मी फळ्यावर 'आय हॅव अ क्रश ऑन' एवढं लिहिलं आणि तुमचंच वाक्य तोंडातून बाहेर पडलं: "मराठीत आपण त्याच्यावर म्हणतो ना? वर म्हणजे ऑन." मुलीने वहीत लिहून घेतलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले. किती सोपं होतं. तिने विचारलं, मी सांगितलं, तिने लिहून घेतलं.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहावीत होते, तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात. क्रश हा शब्द मला मैत्रिणीकडून मिळाला होता. तिची मोठी बहीण पुण्याला शिकायची, सुट्टीत येताना असे शब्द घेऊन यायची. प्रेम म्हणायची हिंमत नव्हती, आवडतो म्हटलं तर आईला कळेल. क्रश म्हटलं की काही केल्यासारखं वाटायचं नाही. मी मैत्रिणीला चिठ्ठी लिहिली, 'आय ॲम हॅविंग क्रश विथ हिम', आणि इंग्रजीच्या वहीत ठेवून विसरले. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून आमच्या वर्गाच्या वह्या तपासत होता. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. माझीही वही त्या ढिगात होती.

तुम्ही चिठ्ठी उलगडता. मला वाटतं, आता हात उठेल. पण तुम्ही लाल पेनाचं टोपण काढता. 'ॲम हॅविंग' खोडता, वर 'हॅव' लिहिता. क्रशच्या आधी 'अ' घालता. 'विथ'ला गोल करता. "विथ नाही," तुम्ही अगदी शांतपणे म्हणता, "ऑन. मराठीत त्याच्यावर म्हणतो ना आपण? वर म्हणजे ऑन." मी मान हलवते. मग तुम्ही टोपण लावता, पेन खिशात ठेवता आणि रूळ उचलता.

वर्गात तुमचा नियम होता, एका चुकीला एक छडी. माझ्या चुका तीन होत्या. तीन फटके मी धरून चालले होते आणि तेवढे सोसायची माझी तयारीही होती. चौथा पाठीत बसला तेव्हा कळलं की तुम्ही मोजायचं सोडून दिलंय. आईने मागे वळून पाहिलं नाही. ती भाकरी जोरात थापायला लागली, इतक्या जोरात की परात हलत होती. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून तिला तेवढंच सुचलं. घरात आमच्या तोंडून एक 'हाय' किंवा 'न्हाय' निघालं तरी चापट बसायची, शुद्ध बोलायचं म्हणून. आणि त्या दिवशी तुम्हीच ओरडत होता, "कोन हाय त्यो? नाव सांग! कोन हाय?" वैरागजवळच्या तुमच्या गावातली बोली मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा तेव्हा ऐकली. डोकं वाचवायला मी डावा हात वर केला आणि रूळ मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्हीही ऐकला असणार, कारण तुम्ही एक क्षण थांबलात. मग पुन्हा विचारलंत, "कोन हाय?"

मला जो आवडत होता त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. समोर वह्यांचा ढीग होता. सगळ्यात वरच्या वहीच्या लेबलवरचं नाव मी वाचलं आणि तेच सांगितलं. तो पद्मशाली घरातला, बाप यंत्रमागावर कामाला, घरी तेलुगू बोलणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा. मी त्याच्याशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते.

दवाखान्यात तुम्ही सांगितलंत की जिन्यावरून पडली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं. आपल्या घराला जिना नव्हता. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टरसकट तुम्ही मला शाळेत नेलंत. तिसऱ्या तासाला तुम्ही त्याला त्याची वही घेऊन पुढे बोलावलंत. त्याने कुठेतरी 'ही हॅव' लिहिलं होतं. तुम्ही डाव्या कानावर उलट्या हाताने मारलंत. तो टेबलावर आपटला, सावरला आणि म्हणाला, "काय चुकलं, सर?"

"ही काय? ही काय?"

"ही हॅज, सर."

तुम्ही पुन्हा मारलंत, त्याच कानावर. त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. कानातून रक्त मानेवर आलं, शर्टाच्या कॉलरवर आलं, आणि तो "ही हॅज सर, ही हॅज सर" म्हणत राहिला. वर्गात चाळीसेक मुलं होती, पण हे कशाचं चाललंय ते दोघांनाच ठाऊक होतं, तुम्हाला आणि मला. त्यातही खरं मला एकटीला ठाऊक होतं. मी उठून उभी राहू शकले असते. मी खिडकीजवळच्या बाकाकडे पाहिलं, मला आवडणारा तिथे धडधाकट बसला होता, आणि मला बरं वाटलं. अण्णा, खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. अंगावर सुताचे तंतू तसेच, रात्रपाळी करून थेट आला असावा. व्हरांड्यात तुमच्यासमोर हात जोडून म्हणाला, "सर, पोराचं काय चुकलं असंल तर माफ करा." तुम्ही म्हणालात, "अभ्यासाकडे लक्ष द्यायला सांगा." मुलगा परत शाळेत आला नाही. परीक्षेलाही बसला नाही.

मंगळवारच्या त्या प्रश्नानंतर मला राहवेना. जुन्या मैत्रिणीकडून पत्ता काढला आणि रविवारी त्याच्या घरी गेले. तो टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. मला बसायला खुर्ची दिली, स्वतः मुद्दाम उजवा कान माझ्याकडे येईल असा बसला. "ह्या कानात बोला," म्हणाला, "तो बंद हाय." बायको चहा ठेवून आत गेली. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, रूळ, वहीचं लेबल. त्याने चहाचा ग्लास उचलला.

"म्हणजे हॅवसाठी न्हाय मारलं?"

"नाही."

"मी पोरीला रोज शिकवतो. ही हॅज, शी हॅज. चुकलं की कान जातो म्हणून सांगतो." त्याचा आवाज चढत गेला. "इतकी वर्षं चूक माझी होती. बरं होतं की! आता काय करू मी? कशाला सांगितलं तुमी?" आणि त्याने हातातला चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. काच माझ्या पायांपर्यंत आली. बायको धावत बाहेर आली. तो उठून माझ्यासमोर उभा राहिला, हात वर गेलेला. तुमचा उठायचा तसाच. मी अंग चोरलं. म्हटलं, मारू दे.

"जावा हितनं," तो म्हणाला. "जावा!"

मी उठले नाही. मी म्हटलं, "अण्णा शेवटच्या दिवसांत तुमचं नाव घेत होते. चूक माझी होती, म्हणाले. त्याला सांग, म्हणाले."

त्याचा हात खाली आला. "सर? सर माझं नाव घेतले?" त्याने दोनदा विचारलं. मग खाली बसला आणि बायकोला तेलुगूत काहीतरी सांगायला लागला. मला त्यातला 'सर' तेवढा कळला. बायको पदराने डोळे पुसत काचा गोळा करायला लागली. निघताना त्याने मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही खूप बोललात. गावच्या विहिरीबद्दल, तुमच्या गुरुजींबद्दल, आईच्या हातच्या भाकरीबद्दल. मी उशाशी बसून वाट बघत होते. त्याचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत, माझ्या मनगटाचंही नाही. म्हणजे त्याच्याबाबतीत मी दुसऱ्यांदा खोटं बोलले, अण्णा. आणि या वेळी मला कुणी मारत नव्हतं.