तोझसुन, म्हणजे झिजो

काराकोल, मार्चअखेर

परम आदरणीय अनारकुल एजे यांना धाकटी बहीण काल्बुबूचा वाकून सलाम. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, रक्तदाब जागेवर राहो, चार मजल्यांचा जिना रोज थोडा थोडा कमी होवो, आणि वरच्या मजल्यावरची ती पियानोवाली बाई लवकर दुसरीकडे राहायला जावो. (इथवर 'तुम्ही' पुरे. थोरल्या बहिणीला, म्हणजे एजेला, मान देऊन पत्र सुरू करायचं, ही आईची शिकवण मी पाळली. आता मी रोजच्यासारखी बोलते.)

तर एजे, हे पत्र तुझ्या हातात देऊन जो उंच, वाळका माणूस दारात उभा आहे, तो तुझा मुलगा नुर्दिन. सात वर्षांत त्याला दाढी आली आहे आणि गाल आत गेले आहेत, म्हणून आधीच सांगते, नाहीतर वीजबिलवाला समजून हाकलशील. दार लावू नकोस. मी त्याला बजावून पाठवलंय की आईचं पत्र वाचून होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आणि मी पत्र मुद्दाम लांबलचक लिहिणार आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस, पोरांच्या वह्या तपासल्यास, हातात घेतलेला कागद अर्धवट टाकणं तुला जन्मात जमलेलं नाही. त्याला आत घे. बसायला सांग. त्या डुगडुगत्या स्टुलावर नको, खुर्चीवर. चहा ठेव. तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे असं काही नाही, मी आहे ना बोलायला.

बातमी अशी की आमचा कारखाना बंद झाला. तुझ्या जिभेवर आत्ता जे वाक्य आलंय ते गिळून टाक. तू म्हणालीच होतीस, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. नुर्दिन फक्त दोन दिवस तुझ्याकडे राहील, जरा हवापालट म्हणून, आणि परत येईल. काही काळजीचं नाही.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुला त्यातलं काहीच ठाऊक नाही. विचारलंच नाहीस कधी. पोरगं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून माझ्याकडे आलं आणि म्हणालं, "मावशी, बर्फावर घसरणाऱ्यांचे कपडे शिवायचे. बाहेरून येतात ते आपल्या पोरांना परवडत नाहीत, आणि आपल्या वाऱ्यात टिकतही नाहीत." मी उभी हयात मेंढपाळांचे कातडी कोट बेतण्यात घालवलेली. मला काय कळणार? त्याने चित्र काढून दिलं, मी बेतलं. पण माझी कात्री पडली मेंढपाळी. कोट म्हटला की आत लोकरीची बंडी मावली पाहिजे, घोड्यावर मांडी टाकली की मागचा घेर तुटता कामा नये, आणि वाटेत कोकरू आजारी पडलं तर तेही छातीशी घेता आलं पाहिजे. पहिलं जॅकेट तयार झालं तेव्हा त्यात दोन नुर्दिन मावत होते, वर कोकरू. पोराचा चेहरा पडला. तेवढ्यात त्याचे फळीवर घसरणारे मित्र आले. त्यातल्या एकाने ते अंगात घातलं, हात हलवून बघितले, आणि म्हणाला, "मावशी, अजून थोडं ढगळ नाही का करता येणार?" म्हणजे जगात तेव्हा ढगळ कपड्यांचीच फॅशन चालू होती! माझ्या चुकीला फॅशन म्हणतात, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. त्या हिवाळ्यात आम्ही सहा बायका मागच्या लोकरीच्या कोठीत बसून शिवत होतो आणि तरी पुरे पडत नव्हतं.

नावाची गंमत वेगळीच. त्याने नाव ठेवलं 'तोझसुन'. आपल्यात कुणी नवा कपडा घातला की मोठ्या माणसाने म्हणायचं असतं ना, 'तोझसुन', झिजो, कपडा झिजो आणि तू शाबूत राहा. घराघरातला शब्द. पण दुकानाच्या पाटीवर? मी म्हटलं, "अरे, गिऱ्हाईक घ्यायला आलंय आणि तू कॉलरीवर छापतोस की हे फाटो?" तो नुसता हसला. झूराकान (आमची काजं करणारी, जिभेला हाड नाही) म्हणाली, "त्यापेक्षा 'खड्ड्यात जा' छाप, निदान लक्षात राहील." नाव मात्र बदललं नाही. का ठेवलं म्हणून सगळ्यांनी विचारलं, कुणाला सांगितलं नाही. एकदा एक जर्मन बाई मोठी मागणी घेऊन आली. तिने कॉलरीवरच्या शब्दाचा अर्थ विचारला. नुर्दिन तुझ्यासारखाच, खोटं बोलता येत नाही. सांगितलं, झिजो. बाईंनी वही उघडली आणि गंभीरपणे विचारलं, "किती दिवसांत?" ती मागणी तिथेच राहिली.

आणि गंमत बघ, ती जॅकेटं झिजतच नाहीत. मी शिवलेली आहेत. थोरल्याची धाकट्याला गेली, धाकट्याची शेजारच्याला, आणि अजून एक टाका सुटलेला नाही. अख्ख्या काराकोलमध्ये ज्याला घ्यायचं होतं त्याने एकदा घेतलं आणि परत दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटले की पाठ वळवून दाखवायचे, "बघा मावशी, नव्यासारखं!" मी वरवर हसायची आणि घरी येऊन कपाळाला हात लावायची. नावाप्रमाणे झिजली असती तर आज कारखाना चालला असता.

मग बर्फाने दगा दिला. दोन हिवाळे वरच्या उतारावर गवत दिसत होतं. घसरणाऱ्यांना तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्याच्या खुर्च्या रिकाम्या लोंबकळत होत्या आणि खाली गुराखी तुर्सुनबायच्या गाई चरत होत्या. (एक गाय खुर्चीवर चढायला बघत होती असं तो शपथेवर सांगतो. दुपारची वेळ होती, पण तो प्यायलेला होता.) आम्ही उरलेल्या कापडाच्या बंड्या केल्या, पिशव्या केल्या, कुत्र्यांचे कपडे केले. कुत्र्यांचे कपडे फक्त झूराकानने घेतले, तिच्याकडे कुत्रं नाही.

आणि वरून बाजारात नकली माल आला. आमचं जॅकेट, आमचा ढगळपणा, आमचे खिसे. फक्त ज्याने कुणी ते शिवलं त्याला वाटलं की आमच्या नावात छपाईची चूक आहे. कोण शहाणा कपड्यावर 'झिजो' लिहील? त्याने बिचाऱ्याने आपल्या मनाने सुधारून छापलं, 'तोझबोसुन', न झिजो. आणि तेच धडाधड खपलं! लोक म्हणाले, हे कसं बरोबर नाव आहे. एजे, ते न झिजणारं जॅकेट पहिल्या थंडीत शिवणीवर उसवायचं, चेन दातांतून निखळायची, आणि मग ते लोक कुठे यायचे सांग? आमच्या दारात. "तुमचंच आहे हो, बघा की नाव." मी म्हणायची, हे आमचं नाही, नाव नीट वाच. नुर्दिन म्हणायचा, "मावशी, बाहेर किती थंडी आहे. घे, शीव." सबंध हिवाळा आम्ही दुसऱ्याचा फाटका माल फुकट सांधत बसलो. त्याला दारात आलेल्या कुडकुडणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हा गुण कुणाकडून आला कोण जाणे, तुझ्याकडून तर नाही. (रागावू नकोस. चहा गार होतोय का? त्याला आणखी एक कप दे, दोन चमचे साखर घालून.)

यंदाच्या हिवाळ्यात त्याने सगळ्या बायकांना समोर बसवून सांगितलं की आता पुरे. यंत्रं एका शाळेचे गणवेश शिवणाऱ्याने नेली. शेवटच्या दिवशी झूराकान म्हणाली, असं कोरडं उठायचं नाही, तेल तापवू, कणकेचे बोरसोक तळू, घर सुटतं तेव्हा वास निघाला पाहिजे. नुर्दिन म्हणाला, "माणूस गेल्यावर तळतात ते. कोण मेलंय इथे?" झूराकानने कढई चढवली. तळले. आता तुला आपली गल्ली ठाऊक आहे, तळणाचा वास आला की सगळ्यांना कळतं. पलीकडची बातमा म्हातारी डोक्याला रुमाल गुंडाळून, दारातूनच गळा काढत आत आली. ऐकू कमी येतं तिला. यंत्रं हललेली, कोठी रिकामी, मधोमध नुर्दिन मान खाली घालून बसलेला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "किती वर्षांचं होतं रे?" तो म्हणाला, "सात." "एवढंसं!" म्हणून म्हातारीने जे रडायला घेतलं, ते थांबेचना. झूराकान तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी म्हातारीच्या कानाशी ओरडायला वाकले, तर नुर्दिनने माझा हात धरला. म्हणाला, "रडू दे मावशी. कुणीतरी रडायला पाहिजे होतं." मग झूराकानचं हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही. बोरसोक सगळ्यांनी खाल्ले. त्याने नाही.

तेव्हापासून तो नीटसं काही खातच नाही. आपली घसरायची फळी कुणाला तरी देऊन टाकली. सकाळी उठून वर जातो आणि बंद पाळण्याच्या खुर्चीत बसून राहतो. तुर्सुनबायला विचारलं, काय करतो रे तिथे? म्हणाला, "काही नाही. गाईंकडे बघतो." मी काही बोलले तर "हो मावशी" म्हणतो. पूर्वी भांडायचा. माझी कात्री वाकडी म्हणायचा, मी त्याचं डोकं वाकडं म्हणायची, दिवस कसा जायचा कळत नव्हतं. आता सगळ्याला हो. मला या 'हो'ची भीती वाटते, एजे. मी हल्ली त्याला खोलीची कडी लावू देत नाही. सांगितलं, कडी खराब झालीय. ती मीच काढून ठेवलीय, आणि का काढलीय ते तू दोनदा विचारू नकोस, एकदाच समजून घे.

बाकी इकडे सगळं खुशाल. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे. पिशवीत वाळवलेले जर्दाळू आणि थोडी लोकर पाठवली आहे, गुडघ्यांना बांध. शेजारपाजाऱ्यांना आशीर्वाद, पियानोवालीला सोडून.

तुझीच, तुला नेहमी उलट बोलणारी,
काल्बुबू

ता. क. दोन दिवस राहील असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. मी कोठी भाड्याने दिली आणि त्याची खोलीही देऊन टाकली. त्याला अजून सांगितलेलं नाही, म्हणून हे मोठ्याने वाचू नकोस.

ता. क. आणखी एक. काळजीचं काही नाही असंही लिहिलंय. तेही खोटं.

ता. क. हे शेवटचं. नाव का ठेवलं ते कुणाला सांगितलं नाही असं वर लिहिलं, पण मला ठाऊक आहे. ते पहिलं ढगळ जॅकेट घालून तो दिवसभर बसमध्ये बसून तुला दाखवायला आला होता, आठवतं? मी सोबत होते. तू दार उघडलंस, खालून वर बघितलंस आणि म्हणालीस, "हे काय पोतं घातलंयस?" आणि मग कॉलेजचा विषय काढलास. घरात नवा कपडा घालून पोर उभं, आणि तू तो शब्द बोलली नाहीस. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने पाटी रंगवायला दिली. सात वर्षं प्रत्येक जॅकेटच्या कॉलरीवर, माझ्याच हातांनी, मी तुझा तो न बोललेला शब्द शिवत होते.

आता त्याच्या अंगावर जे आहे ते उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्याने स्वतः शिवलंय, आमचं शेवटचं. एक बाही जरा आखूड झालीय, तिकडे बघू नकोस. निघताना झूराकान त्याला 'तोझसुन' म्हणायला गेली, तर त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. मलाही म्हणू दिलं नाही.

चष्मा काढ आणि वर बघ. जॅकेट नवं आहे.