खाडीत न आलेला मासा

बाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या आवाज भरायच्या यंत्राची दोन चाकं फिरताना व्हायचा तो आवाज मला लगेच आठवतो, पण तुमचा चेहरा आठवायला थोडं थांबावं लागतं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते आहे आणि माझी नात, माझ्या मुलाची मुलगी, ओट्यावर बसून वहीत लिहिते आहे. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. म्हटलं, अगं, आमच्या बाई आमी बोलायचो तस्संच लिहून घ्यायच्या. तर म्हणते, "आजी, तेव्हा ती पद्धत होती." तिच्या तोंडात हा शब्द सारखा असतो, पद्धत. मासा साफ करायची पद्धत तिला येत नाही, बाकी सगळ्या येतात. हे पत्र कशाला, असं तिने मघाशी विचारलं. मी म्हटलं, तुझ्या अभ्यासात एक काटा अडकलाय, तो मला तुझ्या तोंडावर काढता येत नाही. मेलेल्या माणसाला सांगते, तू लिहिता लिहिता ऐक. ती हसली. अजून हसतेच आहे. हसू दे थोडा वेळ.

तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हा मला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पलीकडे समुद्राकाठी त्या मोठ्या वीजघराचं काम चालू होतं, त्यामुळे गावात परकं माणूस दिसलं की सगळ्यांना वाटायचं, जमीन मोजायला आलं. मी अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, आणि तुम्ही पांढऱ्या साडीत, खांद्यावर ती जड पेटी घेऊन उभ्या. सासूने विचारलं, "काय मोजायचं हाय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, लग्नातली गाणी ऐकायची आहेत." सासू आत येऊन मला हळूच म्हणाली, "एवढी शिकलेली बाई, आन हिला कामधंदा नाय! लग्न नाय, मांडव नाय, आन गानी म्हना म्हनते!" तरी तिने पाट दिला, काळा चहा दिला, आणि तिला गाता येत नव्हतं म्हणून मला पुढे ढकललं. बोंबील टांगायला त्या दिवशी नणंद बसली. मला वाटलं, गाणं हे काम असेल तर मी रोज करीन.

तुम्ही यंत्रातून माझाच आवाज मला ऐकवला तेव्हा मी म्हटलं, ही दुसरीच कोणीतरी हाय. तुम्ही हसलात. पण तुम्ही रागावलात तो दिवस मला जास्त आठवतो. एका गाण्यात एक जुना शब्द होता, तुम्ही त्याचा अर्थ विचारलात. मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी म्हटलं, तो एक दागिना. तुम्ही लिहिलं. संध्याकाळी तुम्ही शेजारच्या म्हातारीला तोच शब्द विचारला आणि तो निघाला होडीच्या दोराचा एक प्रकार. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तुम्ही वही मिटून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. मी तेही लिहून घेते." एवढंच. आवाज चढवला नाहीत. माझ्या सासूने दिलेल्या शिव्या मी विसरले, हे एक वाक्य नाही विसरले.

तुमच्यानंतर फार लोक आले, बाई. तुम्ही गेल्यावर बोईसरला कारखाने वाढले आणि गावात वेगळीच माणसं येऊ लागली. त्यांना गाणी नको होती. त्यांच्याजवळ चौकोनांचे कागद. घरात माणसं किती, चूल की स्टोव्ह, मुली शाळेत जातात का. मी बोलायला लागले की म्हणायचे, "मावशी, फक्त हो की नाही सांगा." 'हो' आणि 'नाही'मध्ये आमचं किती मावणार? मग बाटल्यावाले आले. खाडीचं पाणी भरून न्यायचे, चिखल भरून न्यायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकाला म्हटलं, "भाऊ, पाण्याचा रंग कदी बदलला ते मी सांगू काय?" तो म्हणाला, "आजी, ते मशीन सांगेल." मग अलीकडे एक मुलगी आली, ती प्रत्येक गोष्टीला विचारायची, "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" वीजघर झालं, कसं वाटलं? मासळी कमी झाली, कसं वाटलं? म्हटलं, तूच सांग गं, तुला काय वाटलं तर चालेल? एकाला माझं गाणं हवं, एकाला माझी चूल, एकाला माझ्या दारातला चिखल, एकीला माझं मन. माणूस मी एकच. पण तुमच्या लोकांनी मला पापलेटासारखं तुकडे करून वाटून घेतलं, आणि डोकं कुणाच्या वाट्याला आलं कळत नाही.

आता माझ्या घरातच एक अभ्यासवाली झाली आहे. पालघरला कॉलेजात जाते, पीएचडी करते. तिचा विषय, आमच्या खाडीत पूर्वी कोणती मासळी यायची आणि आता कोणती येत नाही. बाटल्यावाल्यांची मोजणी अलीकडची. त्याआधीचं कुणी काही मोजून ठेवलेलं नाही. म्हणून हिने आणि हिच्या सरांनी काय केलं, तर जुनी गाणी काढली. गाण्यात माशांची नावं असतात ना, तोच पुरावा. आणि पुरावा कुठून? तुम्ही आमची गाणी छापलीत त्या पुस्तकातून, बाई. तुम्ही मला दिलेली प्रत मी तांदळाच्या डब्यात ठेवली होती, माझ्या गाण्याच्या पानाचा कोपरा तुम्ही दुमडून दिला होता तो तसाच. तिने ते पान वाचलं आणि नाचतच माझ्याकडे आली.

"आजी, खाडीत पाला यायचा! तू सांगितलंस, पुस्तकात आहे!"

पाला म्हणजे तो चांदीसारखा मासा, काट्यांनी भरलेला. तिच्या सरांनी म्हणे पाठ थोपटली. समुद्रातला मासा खाडीत चढायचा आणि पाणी बिघडल्यावर यायचा थांबला, याच्यावर तिचं एक आख्खं प्रकरण उभं आहे. पुढच्या आठवड्यात ते सरांकडे द्यायचं आहे. त्यासाठी तिने एका कागदावर माझा अंगठासुद्धा घेतला, माहिती स्वखुशीने दिली म्हणून. तुमच्या वेळी असं काही नव्हतं. अंगठ्याची शाई दोन दिवस गेली नाही. मी राखेनेही घासून बघितली.

आता ऐका, बाई. आणि तू पण ऐक गं, मान खाली घालून लिही.

मला जेवढी गाणी येत होती ती तिसऱ्या दिवशी संपली. तुम्ही म्हणालात, "छान झालं, माझं काम झालं, उद्या निघते." त्या संध्याकाळी मी वलांडीवरचे बोंबील उलटवत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की उद्यापासून पुन्हा सकाळी टोपली, दुपारी टोपली. 'पुन्हा म्हण' असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, तुम्ही म्हणायच्या. बोंबील उलटवता उलटवता मी चाल धरली.

घोळ आली, दाढा आला, मागून देखणा पाला आला,
नवरीच्या दारी उतरला, चांदीचा मांडव झाला.

सकाळी तुम्ही पेटी बांधत होतात. मी म्हटलं, एक राहिलं हो, माझ्या आजीचं. तुम्ही पेटी सोडलीत. आणि त्या एकावर तुम्ही आणखी पाच दिवस राहिलात, बाई, अजून काही राहिलं असेल म्हणून. पाला मी खाडीत कधी बघितला नाही. माझा बाप होडी घेऊन वर गुजरातच्या बाजूला जायचा, तिकडून त्याने एकदा आणला होता. 'आला'ला जुळला म्हणून मी त्याला आमच्या खाडीत आणून सोडला.

नात लिहायची थांबली आहे. थांबू नकोस, म्हटलं. ती माझ्याकडे बघते आहे. पेन खाली ठेवून उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी बसून राहिले. बाई, मी या घरात नवरा गेलेला बघितला, होडी विकलेली बघितली, पण नातीने पेन खाली ठेवल्याचा आवाज मला जड गेला. पाला खोटा निघाला तर लोक म्हणतील, बाकीचंही खोटं. पाणी बिघडलं तेही खोटं. मासळी गेली तेही खोटं. म्हातारी बनवून सांगते. आणि मासळी खरंच गेली, बाई. ती मी बनवलेली नाही.

(ती उठून गेली तिथून पुढचं मी तिला नंतर सांगून लिहून घेतलं.)

ती आत आली ती तुमचं पुस्तक घेऊन. डोळे लाल, पण बोलली वकिलासारखी. "आजी, हे पान मी पन्नास वेळा वाचलंय. गाण्याच्या खाली बारीक अक्षरात काय आहे ते मी कधी नीट वाचलं नव्हतं. सरांनी पण नाही."

"काय हाय?"

तिने वाचलं. तुम्ही लिहिलं आहे की हे गाणं गावात दुसऱ्या कुणाही बाईला येत नव्हतं, शेजारच्या गावांतही विचारलं, कुणी ऐकलेलं नव्हतं.

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. म्हणजे, बाई, तुम्हाला कळलं होतं? मला रागावलात नाहीत. दागिन्याच्या खोटेपणाला रागावलात आणि या एवढ्या मोठ्याला पुस्तकात जागा दिलीत, खाली बारीक अक्षरात चुगली करून. तुमच्या वेळी गाण्याला गाणं म्हणून बघायचे, मासा खरा की खोटा कुणाला विचारायचं होतं? आता मासा हवा, म्हणून गाणं कोण बघतो. नात म्हणाली, "आम्हाला हवं तेवढंच आम्ही वाचलं, आजी." मला तिची दया आली. म्हटलं, अगं, मीपण बाईंना हवं तेवढंच सांगितलं.

मग तिने वहीचं नवं पान काढलं. म्हणाली, "गाणं नको. तू स्वतः जे कापलंस, खाडीतलं, तेवढंच सांग." मी डोळे मिटले आणि हातांना विचारलं. बोय. कोळंबी. चिंबोऱ्या. शिंगाळा, त्याचा काटा माझ्या तळव्यात मोडला होता, त्याचा वण तिने बोट लावून बघितला. आणि निवट्या, चिखलावर उड्या मारणाऱ्या, ओहोटीला पोरी टोपल्या भरून आणायच्या. आता चिखलात एक दिसत नाही. "मग गाण्यांत निवटी का नाही?" तिने विचारलं. म्हटलं, कोण म्हणणार? माझी सासू म्हणायची, मांडवात चिखलाचं नाव घ्यायचं नाय. आम्ही लग्नात घोळ-दाढा असले मोठे मासेच मिरवायचो. जे रोज खाल्लं ते कुणी गायलं नाही.

तिने घोळीचं विचारलं, खाडीत यायची का. मला सांगावंसं वाटलं, हो. पोरीचं प्रकरण थोडं तरी भरलं असतं. पण मी म्हटलं, "मला ठाऊक नाय. तसं लिही." तिने लिहिलं. पाच नावं झाली, आणि एक 'माहीत नाही'. गाण्यांवरून केलेल्या आधीच्या यादीत सतरा होती. तिने सरांना फोन केला, ते बराच वेळ बोलले, ही नुसती 'हो सर' म्हणत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, प्रकरण पुन्हा लिहायचं, आठवड्यात होणार नाही, पाच नावांवर कोण विश्वास ठेवेल तेही माहीत नाही. मग म्हणाली, सरांना गाणं कुणी आणि का बनवलं यातच रस वाटायला लागलाय. बघा, बाई, आता खोट्याचाही अभ्यास होतो. पुढच्या खेपेला कुणीतरी माझं खोटंच मागायला येईल, आणि निवट्या तशाच राहतील, कुणाच्या विषयात न बसता.

हे पत्र तिला प्रबंधाच्या मागे लावायचं होतं. मी नको म्हटलं. हे तुमचं आहे आणि तुम्हाला पोचायचं नाही, तर तांदळाच्या डब्यात जाऊ दे, दुमडलेल्या पानात. पण गाणं मीच बनवलं असं लिहिलेला नवा कागद तिने अंगठ्यासाठी पुढे केला. अंगठा मी लगेच लावला. तिला वाटलं, आजी किती खरी. बाई, गेल्या लगनसराईत घिवलीला माझ्या बहिणीच्या नातीच्या हळदीला पोरींनी ते गाणं म्हटलं, तुमच्या पुस्तकातून कुणीतरी उचललेलं. 'जुनं पारंपरिक' म्हणून माईकवर सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि जिभेवर दगड ठेवला होता. म्हणून सांगते. आज मी बोलले ती नातीचा अभ्यास खरा व्हावा म्हणून, हे खरं आहे. पण ते गाणं माझं आहे हे कुणीतरी एकदा लिहून ठेवावं, हेही होतं. किती कशासाठी, ते माहीत नाही. तेही लिहून घ्या.