ही माझ्याकडे शिकते

प्रिय आई,

परीक्षा केंद्राच्या बाहेर, फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली बसून हे लिहितेय. रेश्मा आत अर्थशास्त्राचा पेपर देतेय. तिचा शेवटचा विषय! तुम्हाला जाऊन तीन महिने होऊन गेले, आणि मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोलले नाही. आज तीन तास मोकळे मिळालेत, आणि पोरींच्या परीक्षेला बाहेर थांबायची ही जागा खरं तर तुमची आहे. मग आज नाही तर कधी लिहिणार?

थकलेय हो आई. रोज सकाळी पटपडगंजहून गुरुग्राम, संध्याकाळी उलट, मेट्रोत उभं राहून पायांचे तुकडे. दिवसभर काय करायचं, तर नोकरीला आलेल्या लोकांचे कागद तपासायचे. ही डिग्री खरी का, ते कॉलेज आहे का, त्यावरचा शिक्का कुणाचा. घरी आल्यावर कुणी साधं ‘पाणी हवंय का’ विचारायला आलं तरी माझा चेहरा बघून परत जायचं. तुम्ही तर विचारायच्यासुद्धा नाहीत, नुसता पेला आणून ठेवायच्यात.

त्यात शनिवार-रविवार तुमचा तो वर्ग. चार वाजले की जेवणाच्या टेबलावर पाच-सहा जणी. कुणी दहावीला, कुणी बारावीला, सगळ्या शाळेत न जाता थेट परीक्षा देणाऱ्या. एका वेळी एक विषय सोडवायचा, तो बोर्डाकडे जमा होतो, मग पुढचा. मला आठवड्यात तेवढेच दोन दिवस मिळायचे आणि माझ्याच घरात मला आडवं व्हायला जागा नसायची. मी कपाळाला आठ्या घालून आतबाहेर करायची. तुम्हाला दिसायचं ना? दिसत असणारच.

रेश्मा त्यातली सगळ्यात जुनी. आपल्या सोसायटीच्या पाळणाघरात काम करणारी. सोलापूरहून पानिपतला हातमागावर आलेलं तिचं सासर, तिथून इकडे दिल्लीत चादरींच्या दुकानात. चार वर्षांत चार विषय सोडवले पोरीने. इथल्या मराठी मंडळाच्या शिक्षण निधीतून तिला शिष्यवृत्ती मिळायची, परीक्षेची फी आणि परीक्षेमुळे बुडणाऱ्या दिवसांचा पगार. अर्जासोबत कॉलेजचा बोनाफाईड दाखला लागतो. शाळाच नसलेल्या बाईने तो आणायचा कुठून? म्हणून तुमची चिठ्ठी.

आणि त्या चिठ्ठीवरून मी काय केलं!

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी घरात शिरले, तर टेबलावर तुमचा कागद. खाली गोल शिक्का, तुमच्या नावाचा. दिवसभर तसलेच शिक्के बघून डोकं उठलेलं. पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती मी. म्हटलं, “आई, हे खोटं नाही का? ना संस्था, ना रजिस्ट्रेशन. असा कागद माझ्या ऑफिसात आला ना, तर मी त्या माणसाला घरी पाठवते!”

रेश्मा तिथेच बसली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कागद उचललात, त्याचे चार तुकडे केलेत. “बरोबर आहे तुझं,” एवढंच म्हणालात आणि कुकर लावायला उठलात.

भांडायचं ना माझ्याशी! अशा कशा हो तुम्ही? एरवी भाजीवाल्याशी दोन टोमॅटोंवरून अर्धा तास घालायच्यात, आणि इथे एकदम गप्प? मीही माघार घेतली नाही. बेसिनवर तोंड धुतलं आणि टीव्ही लावला.

नवी चिठ्ठी तुम्ही लिहिली नाहीत, आणि रेश्माची ती परीक्षा हुकली. दिवाळीनंतर तुमचं दुखणं सुरू झालं, वर्ग बंद पडला, आणि जानेवारीत तुम्ही गेलातच.

तेराव्यानंतर मी तुमचं कपाट आवरायला घेतलं. तुम्ही मंत्रालयातल्या जुन्या कारकून, वाण्याची यादीसुद्धा कार्बन लावल्याशिवाय लिहिली नाहीत कधी. चिठ्ठ्यांचंही पॅड सापडलं, निळ्या कार्बनच्या प्रतींचं. सगळ्यात वर फाडलेल्या कागदाची प्रत होती. मी ती त्या दिवशी प्रथमच वाचली.

“रेश्मा सलीम शेख ही माझ्याकडे शिकते. नेमाने येते. हिला शाळा किंवा संस्था नाही. हिच्याविषयी काही विचारायचे असल्यास मला विचारावे. मी जबाबदार आहे.”

यात खोटं कुठे होतं, आई? संस्था नाही हे तुम्ही स्वतःच लिहून दिलं होतंत. लोकांचे कागद तपासून पोट भरणारी मी, आणि घरातला कागद न वाचता नुसता शिक्का बघून निकाल देऊन मोकळी झाले. पॅड मांडीवर घेऊन कितीतरी वेळ जमिनीवर बसून होते. सतीशने दोनदा येऊन विचारलं, “काय झालं गं?” तुमच्या लेकाला काय सांगणार, कपाळ?

मग मार्चमध्ये रेश्मा आली. दारातच उभी. म्हणाली, “वहिनी, सगळे विषय सोडवायला पाचच वर्षं मिळतात, ती या परीक्षेला संपतात. आता अर्थशास्त्र सुटलं नाही तर आधीचे चारही विषय बाद होतील. कोणाची तरी चिठ्ठी मिळेल का?”

मी म्हटलं, “चिठ्ठीचं सोड, तुझी फी मी भरते ना! पगाराचंही बघू.”

“नको वहिनी. मला स्कॉलरशिप पाहिजे.” मान खाली, पण आवाज पक्का. “ती मिळते म्हणून सासरे मला परीक्षेला सोडतात. चार लोकांत सांगतात, आमच्या सुनेला वजिफा मिळतो. तुमच्याकडून घेतलं तर बोलतील, बस झालं आता.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे तुम्हाला माहीत होतं ना? म्हणूनच तुम्ही कधी स्वतः फी भरली नाहीत कुणाची, चिठ्ठीच देत राहिलात.

रविवारी मंडळाच्या साठेकाकांना गाठलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात ते कुणालातरी भेटायला आले होते, तिथेच उपाहारगृहात बसलो. मी आपली कार्बनची प्रत पुढे केली आणि विचारलं, असा कागद चालतो तरी कसा? ते हसायलाच लागले. “अहो, तुमच्या सासूबाई स्वतः बहिःस्थ बी.ए. झालेल्या! नोकरी करून परीक्षा दिल्या. तेव्हा निधीने त्यांचा अर्ज परत केला होता, बोनाफाईड नाही म्हणून. पुढच्या वर्षी बाई थेट समितीत येऊन बसल्या. नियमात वाक्य घालून घेतलं, संस्था नसेल तर जबाबदार व्यक्तीची चिठ्ठी चालेल. बिल्कुल हटल्या नाहीत!”

वीस वर्षं एका घरात राहून मला हे साठेकाकांकडून कळावं? एकदा तरी सांगायचं होतंत. मी विचारलं नाही हेही खरंच म्हणा.

काकांनी कोरा कागद दिला. “लिहा. आठवडाभर आहे मुदतीला, पण आत्ताच द्या की.” मी रेश्माचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे “ही माझ्याकडे” लिहिलं आणि पेन थांबलं. ती माझ्याकडे कुठे शिकत होती? माझ्याकडे आली की मी आठ्या घालत होते. मी पेनाला टोपण लावलं.

“काय झालं?” काका म्हणाले.

“पुढच्या रविवारी आणून देते. चालेल?”

बाहेर येऊन रेश्माला फोन लावला. “शनिवारी चारला ये. पुस्तक घेऊन ये.” ती म्हणाली, “अच्छा वहिनी. येते.”

पहिल्या शनिवारची गंमत ऐका. मागणीचा नियम समजावता समजावता मला चक्क डुलकी लागली! डोळे उघडले तेव्हा समोर चहा, रेश्मा शेजारी बसून आलेख काढतेय, आणि तुमची नात सई दारातून खदखदतेय, “आई, यार, टीचर कोण आहे इथे?” मी ओशाळले. पण रेश्मा दुसऱ्या दिवशीही आली. मला जिथे अडलं तिथे आम्ही दोघींनी मिळून पुस्तक उलगडलं. तिला भाव वाढला की मागणी का घटते ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं, रोज चादरींच्या दुकानातली बोलणी ऐकते ती. ती उठून गेली आणि मग मी चिठ्ठी पुरी केली. तुमचेच शब्द, तुमचंच पॅड, कार्बन लावून. शिक्का मात्र तुमचा वापरला नाही, खाली माझं नाव आणि फोन नंबर लिहिला. त्याच संध्याकाळी काकांच्या हातात दिली.

निधीतून कुणाचातरी फोन आला होता बरं का! “आपण कोण त्यांच्या?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, “ती माझ्याकडे शिकते.”

शिष्यवृत्ती मंजूर झाली. आज तिला सोडायला तिचे सासरेच स्कूटरवर आले होते. मला नमस्कार करून म्हणाले, “ताई, दुकान उघडायचंय, तुम्ही थांबाल ना?” ती पास होईल की नाही, कुणास ठाऊक. कालपर्यंत राष्ट्रीय उत्पन्नात तिचा गोंधळ होत होता, माझाही होतो. नाही झाली तर चार वर्षं पाण्यात, आणि त्यात गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ माझी आहे. हे मी कुणाकडे बोललेले नाही. रेश्माने तर एका शब्दानेही कधी काढलं नाही.

घंटा झाली वाटतं. पोरी बाहेर यायला लागल्यात.

आई, मी काही तुमच्यासारखी होणार नाही. चिडेन, पेंगेन, आठ्याही पडतील. पण एक कबूल करते. शनिवारी-रविवारी चार वाजता टेबल मोकळं असेल आणि दार उघडं. तुमच्या बाकीच्या पोरींनाही तसे फोन केलेत, दोघी येते म्हणाल्या. कुणाचाही कागद आधी वाचेन, मग तोंड उघडेन. आणि आज रेश्मा हसत आली किंवा रडत आली, तरी येत्या शनिवारी ती माझ्याकडेच येईल.

मी जबाबदार आहे.

तुमची सून,
मंजिरी