लढाई थांबल्यावर लागणारे पॅटर्न

तर आबा, दुसऱ्या भट्टीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. लढाई सुरू असताना आपल्या फाउंड्रीत लष्करी गाड्यांच्या पार्टचं ओतकाम आलं, शिफ्ट वाढल्या आणि बाबांना वाटलं, आता हे असंच चालणार. माळा पाडून तिथं नवी भट्टी लावायची, म्हणाले. माळ्यावर वाळूत साचा उठवायचे तुमचे लाकडी पॅटर्न, पंपांचे, गुऱ्हाळाच्या घाण्यांचे. ते सरपण म्हणून अंघोळीच्या बंबात घालायचे, असा बेत. तेवढ्यात लढाई थांबली. चांगलंच झालं की. पण बाबा म्हणतात, परत पेटंल, भट्टी लावूयाच.

मला तुमच्यासोबतची दुपार आठवते. मी शाळेच्या युनिफॉर्मवर माळ्यावर बसलेय, तुम्ही पॅटर्नला तेल चोळताय. मी विचारते, हे जुनं फेकत का नाही? "मॅडम, बसा जरा," म्हणून तुम्ही तुमच्या वडिलांची गोष्ट सांगता. मोठ्या युद्धात त्यांना सरकारी ओतकाम मिळालं आणि त्यांनी घाण्याचे पॅटर्न बंबात घातले. घरादाराच्या अंघोळी झाल्या मस्त. मग युद्ध संपलं, मुरगूडकडचे शेतकरी घाणा मागत दारात आले, आणि ओतायला पॅटर्नच न्हाय. नवे कोरून होईस्तोवर गुऱ्हाळाचा हंगाम गेला. एवढं सांगून तुम्ही हसलात आणि परत तेल चोळायला लागलात.

काल बाबांना मी हेच समजावत होते. लढाईच्या धास्तीनं लोकांनी खरेदी थांबवली होती, आता ते खरेदीला बाहेर पडणार. परवाच बिद्रीचे एक काका पंपाची केसिंग विचारून गेले. भट्टीचा पैसा उसात मशागतीला चालणाऱ्या टिलरच्या पॅटर्नला लावू. बाबा म्हणाले, "कॉलेजात शिकीवलं व्हय हे?" तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "आबाच म्हणायचे, लढाईत भट्टी वाढवू नये, पॅटर्न वाढवावेत." बाबांनी मान वर केली. माळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हातारा म्हणला असंल, तर ऱ्हाऊ दे माळा."

टिलरचं लाकूड आज आलं. धंदा चालणार, मला खात्री हाय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, घाण्याच्या पॅटर्नखाली ठेवते. फक्त एक, आबा. ते वाक्य तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. बाबांसमोर उभी असताना मीच जुळवलं. पण तुम्ही असता, तर हेच म्हणाला असता न्हवं?